आत्या आणि भांडणाची दुसरी बाजू

भांडण दिसलं आणि माझ्या बायकोची आत्या त्यात पडली नाही, असं कल्याणच्या इतिहासात एकदाही घडलेलं नाही. बरं, पडते म्हणजे कुणाची बाजू घेते म्हणावं, तर तेही नाही. भांडणाऱ्या दोघांनाही ती एकमेकांची बाजू मांडायला लावते. "तुझं कळलं रे. आता त्याचं काय म्हणणं आहे, ते तू सांग. आणि मनापासून सांग, उरकल्यासारखं नको!" विठ्ठलवाडीला एकदा रिक्षात चौथं माणूस बसवण्यावरून रिक्षावाला आणि एक गृहस्थ हमरीतुमरीवर आले. आत्याने दोघांच्या मध्ये भाजीची पिशवी ठेवली आणि रिक्षावाल्याला त्या गृहस्थांची वकिली करायला लावली. तो असा काही रंगला, की "काकांचे गुडघे दुखत असतील, जागा तर पायजेच" म्हणत चौथी सीट भरायची नाही, असं त्याने स्वतःच जाहीर केलं. चौथी सीट आत्याची होती. ती पिशवी घेऊन चालत घरी आली आणि आठवडाभर आनंदाने ही गोष्ट सांगत होती. आमच्या लग्नानंतर पंख्यावरून आमचं वाजलं, तेव्हा तिने मला मेघनाची बाजू मांडायला लावली. मी ती इतकी चोख मांडली, की आजतागायत ठाण्याच्या उकाड्यात बिनपंख्याचा झोपतोय.

अशा बाईला शाळेत नेऊ नये, हे मला कळत होतं. पण आमच्या सईच्या शाळेशी आमचं पार फाटलं होतं. सई तिसरीत. बोलायला चुणचुणीत, पण वाचायला बसली की अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे जागा बदलत. तपासणी झाली, निदान झालं, आणि शाळेतल्या विशेष शिक्षिका तिला वेगळं बसवून शिकवू लागल्या. पण नेमक्या गाण्याच्या तासाला! सईला शाळेत आवडायचा तो तेवढाच तास. आम्ही म्हटलं, वेळ बदला, रोज शिकवा आणि परीक्षा तोंडी घ्या. शाळा म्हणाली, जमणार नाही. मी आवाज चढवला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "मग तुम्ही दुसरी शाळा बघा." इकडे सईच्या पोटात रोज सकाळी दुखायला लागलं.

मेघनाने आत्याला फोन केला. दुसऱ्या दिवशी आत्या वर्तकनगरला शाळेत हजर! मुख्याध्यापिकांच्या खोलीत जाऊन खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं बरोबर आहे. जावईबापू, तुमचंही बरोबर आहे. आता अदलाबदल करा."

मुख्याध्यापिकांना वाटलं, ही बाई चुकून इथे आली असावी. पण आत्यापुढे नाही म्हणणं सोपं नाही. आधी मी सुरुवात केली. "माझ्याकडे विशेष शिक्षिका एकच आहे. तिला सगळ्या वर्गांतली मुलं बघायची आहेत. त्यात प्रत्येक पालक येऊन माझ्यावर ओरडतो..." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि तो ओरडणारा पालक मीच, हे माझ्या लक्षात आलं. मग मॅडम बोलू लागल्या. चष्मा पुसत म्हणाल्या, "माझी मुलगी हुशार आहे. पण रोज घरी येते, ती आपण ढ आहोत असं समजून. तिला आवडणारा एकच तास, तोही..."

पुढे जे झालं ते आत्यालाही अपेक्षित नव्हतं. आमचं पुन्हा जुंपलं, पण उलट्या बाजूंनी! मॅडम म्हणायला लागल्या, या मुलीला रोज शिकवायलाच हवं. मी म्हणतोय, अहो मॅडम, एकट्या बाई रोज कुठून वेळ काढणार? "तुम्ही पालक असून असं बोलता?" असं त्या मलाच रागावल्या. आत्या मध्ये बसून आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. शेवटी म्हणाली, "आता मधेच कुठेतरी थांबा, मला परतीची गाडी आहे."

थांबलो. गाण्याचा तास सईला परत मिळाला. वेगळा वर्ग शुद्धलेखनाच्या वेळी ठरला, परीक्षा तोंडी. रोजचं मात्र जमलं नाही. उरलेल्या दिवशी घरी काय करून घ्यायचं, ते बाईंनी मेघनाला शिकवलं. सईचं पोट हळूहळू दुखायचं थांबलं.

आत्या आता थकली. डाव्या कानाने तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. आमच्याकडे राहायला आली की संध्याकाळी सई पुस्तक घेऊन तिच्या डावीकडे बसते आणि मोठ्याने वाचते. अडखळते, मागे जाते, एखादा शब्द भलताच वाचून पुढे निघते. परवा मी म्हटलं, "आत्या, सईला या बाजूला बसवू का? नीट ऐकू येईल."

तिने हळूच मान हलवली. "नको जावईबापू. चूक ऐकू आली की मी बोलल्याशिवाय राहणार नाही. वाचू दे तिला."

सई पान उलटून वाचत राहिली, आणि आत्या तिच्या ओठांकडे बघत मान डोलावत राहिली.