ओडी माझी आणि पगार अडवला नणंदेचा

...आणि वर मलाच म्हणतात, मॅडम, शांत बसा. कशी बसू शांत? सात दिवसांत सगळी ओडी भरा म्हणून बँकेने नोटीस मला द्यायची आणि पगार अडवायचा माझ्या नणंदेचा. तिने तुमचा एक रुपया घेतलेला नाही.

नवीन लोकांसाठी सांगते. माझं सातपूरला पोळी-भाजी केंद्र आहे. कंपन्यांमध्ये डबे जातात, पण कंपन्या पैसे देतात दोन-दोन महिन्यांनी, आणि पीठवाला काही तेवढा थांबत नाही. म्हणून बँकेची ओडी... खात्यात शिल्लक नसली तरी ठरलेल्या रकमेपर्यंत काढायचे, आले की भरायचे, वापरले तेवढ्याचं व्याज द्यायचं. व्याज मी एकदाही चुकवलेलं नाही.

आमचे हे गेल्यावर ही ओडी मिळाली ती रेखामुळे. रेखा माझी धाकटी नणंद, ओझरला राहते, हॉस्पिटलात नर्स आहे. माझा सख्खा भाऊ म्हणाला होता बायकोला विचारून सांगतो... तो अजून विचारतोच आहे. रेखा जामीन राहिली. तिच्या पगाराचं खातंही त्याच बँकेत.

बँकेत आधी जे साहेब होते ते दुपारी माझ्याकडेच जेवायचे. वर्षातून एकदा येताना कागद घेऊन यायचे, मावशी इथे करा, इथे करा... मी पिठाचे हात पुसून सह्या करायची. रेखाच्या सह्याही तेच घ्यायचे. कशाचे कागद ते त्यांनी सांगितलं नाही आणि पोळ्या तव्यावर असताना मी विचारायला बसले नाही.

मग त्यांची मनमाडला बदली झाली. कागद यायचे बंद झाले. मला वाटलं, आता लागत नसतील.

सोमवारी भाचीचा, रेखाच्या लेकीचा फोन आला. मामी, आईचा पगार खात्यात दिसतोय पण निघत नाही. पोरगी फार्मसीला आहे, शनिवारपर्यंत फी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

मी लगेच रेखाला फोन लावला. उचलला नाही. परत लावला... नाही. इतक्या वर्षांत आमची भांडणं झाली, पण तिने माझा फोन उचलला नाही असं कधी झालं नव्हतं.

मंगळवारी केंद्र माझ्याकडे पोळ्या लाटणाऱ्या शोभावर सोपवून बँक उघडायच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. नवीन साहेब माझ्या मुलाच्या वयाचे. सात दिवसांची नोटीस हातात देऊन म्हणाले, ओडीच्या लिमिटची मुदत एक वर्षाची असते, ती तुम्ही वाढवून घेतली नाही. म्हणजे जुने साहेब सह्या घ्यायचे ते हेच कागद.

"संपली तर सांगायचं ना," मी म्हटलं.

"मॅडम, मेसेज पाठवले होते."

"इंग्रजीत. लोन घ्या लोन घ्या म्हणून दिवसभर येतात ते पण इंग्रजीतच. मी सगळे एकत्रच पुसते."

शेजारचा कारकून हसला. मला हसू येत नव्हतं. मग साहेबांनी हळू आवाजात रस्ता सांगितला... तुमच्या जामीनदारांची आमच्याकडे एफडी आहे, त्यांची एक सही आणा, त्यातून वळते करून घेतो, तुम्ही त्यांना सावकाश द्या.

ती एफडी रेखाने घरासाठी जमवलेली आहे. खोटं कशाला सांगू, घटकाभर मला ते सोपं वाटलं. आणि तेवढ्यात रेखाच आत आली, ड्युटीवरून थेट, युनिफॉर्मवर. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

खुर्ची ओढून साहेबांना म्हणाली, "मला जामीन राहायचं नसेल तर काय करावं लागेल?"

साहेब समजावून सांगायला लागले, दुसरा जामीनदार आणा, नाहीतर पूर्ण रक्कम भरा... माझ्या मनात एवढंच, की हिचंही बरोबर आहे.

रेखाने सगळं ऐकून घेतलं. "बरं, माहिती असावी म्हणून विचारलं," ती म्हणाली. "आता मुदत वाढवायचे कागद काढा, मी सही करते. एफडीला हात लावायचा नाही. आणि माझा पगार सोडा."

साहेब म्हणे, प्रस्ताव वरच्या ऑफिसला जाईल, पगार सोडायचा अधिकार मला नाही. कधी सुटेल ते सांगता येत नाही. अडवताना बरा अधिकार होता.

मग मी तिथेच बसून, रेखाचा पगार सोडा म्हणून मराठीत अर्ज लिहिला. माझं शिक्षण सातवी, दोनदा खाडाखोड झाली, पण लिहिला, आणि शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

बाहेर आल्यावर रेखा म्हणाली, "वहिनी, काल फोन उचलला असता तर मी काहीतरी बोलून बसले असते. म्हणून नाही उचलला." एवढं बोलून बस पकडायला गेली. रेखा, तोंडावर मला असलं बोलता येत नाही, म्हणून इथे चारचौघांत लिहिते. तुझे उपकार आहेत.

आणि बँकवाल्यांनो, तुमच्यातले काहीजण ही पोस्ट वाचतात ते मला माहीत आहे, डबा माझ्याकडूनच जातो. ओडी माझी आहे, व्याज लावा, दंड लावा, मी बसून निस्तरते. पण शनिवारी त्या पोरीची फी भरायची आहे. रेखाचा पगार सोडणार की नाही, शुक्रवारी बँक बंद व्हायच्या आत मला उत्तर पाहिजे. लेखी, आणि मराठीत.