दोन कान, दोन स्पीकर

माझे सासरे बसच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते आणि इंजिनाचं दुखणं ते कानाने ओळखायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी दाबायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "वॉल्व्ह वाजतोय. बाकीच्याला हात लावू नका." म्हणून सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. निवृत्तीनंतरही कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मालक काही अडलं की त्यांना बोलवायचा. "यांचं माझ्यावाचून पानही हलत नाही," असं करवादत ते चपला शोधायला लागत, पण चेहरा लग्नाला निघाल्यासारखा असे. तेच कान घरात दळण आणायला सांगितलं की अचानक बंद पडत, ही गोष्ट वेगळी.

तरुणपणी त्यांनी एक ॲम्प्लिफायर आणि गुडघ्याएवढे दोन लाकडी स्पीकर घेतले होते. ते आजही दिवाणखान्यात आहेत आणि त्यांच्यावर फुलदाणी ठेवायची कुणाची छाती नाही. त्यामुळे माझ्या नवऱ्याने नवा टीव्ही आणि डिस्क प्लेअर आणला, तेव्हा वाद होणार हे ठरलेलंच होतं.

"बाबा, सिनेमासाठी पाच स्पीकरचा सेट घेऊ या," नवरा म्हणाला.

"मला कान किती?"

"दोन."

"मग स्पीकर दोन."

विषय संपला. आता प्रश्न राहिला तो जोडायचं कसं एवढाच. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढावी, असं नवऱ्याचं म्हणणं. सासऱ्यांना ते पटेना. आवाज प्लेअरमधून टीव्हीत जाणार, तिथून ॲम्प्लिफायरमध्ये येणार, हा द्राविडी प्राणायाम कशाला? दुसरी ती उजेडावर चालणारी बारीक वायर होती, पण जुन्या ॲम्प्लिफायरला ती घालायला जागाच नव्हती. मध्ये आणखी एक डबी बसवावी लागली असती. शेवटी प्लेअरमधून थेट ॲम्प्लिफायरला दोन वायरी न्यायच्या, असं ठरलं. टीव्हीत नुसतं चित्र. त्याचा आवाज सासऱ्यांनी शून्यावर नेऊन ठेवला. एका घरात दोन तोंडांनी बोललेलं त्यांना खपत नाही.

इथवर सगळं बरोबर होतं. प्लेअरच्या पाठीमागे मात्र आवाजासाठी दोन सोयी निघाल्या. कोपऱ्यात एक साधी जोडी, डावा आणि उजवा. तिच्या शेजारी सहा भोकांची रांग, प्रत्येकाला वेगळं नाव: पुढचा डावा, पुढचा उजवा, मधला, मागचे दोन आणि घुमणारा. सासरे टॉर्च घेऊन बराच वेळ तिथे वाकून होते.

"कोपऱ्यातल्या जोडीत सगळ्यांची खिचडी करून देतात," ते म्हणाले. "इकडे बघ, प्रत्येकाचा आवाज वेगळा. निवडलेला माल." आणि त्यांनी रांगेतल्या पुढच्या डाव्यात नि पुढच्या उजव्यात वायरी खोचल्या.

मग गाण्यांची डिस्क लावून बघितली. गाणारी बाई दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली, अगदी तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा चहा टाकायला निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून दुपारचा सिनेमा सुरू झाला. आमच्याकडे ही मोठीच गोष्ट होती. सासऱ्यांचा जन्म वर्कशॉपच्या दिवसरात्रीच्या पाळ्यांमध्ये गेला. सासूबाई एकट्या जेवल्या, एकट्या झोपल्या, आणि ते घरी असले तर झोपलेले म्हणून रेडिओही हळू लावत आल्या. आता जेवणं झाली, की दोघं सोफ्यावर शेजारी बसत. आम्ही नवरा-बायको तेव्हा आपापल्या ऑफिसात.

हळूहळू तक्रारी यायला लागल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, की तुमच्याकडे दार आपटलं की आमच्या कपबश्या वाजतात. मी एकदा लवकर घरी आले, तर जिन्यातच घोड्यांच्या टापा ऐकू आल्या.

"बाबांचे कान गेले," नवरा मला म्हणाला. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हणून त्याने दोन-तीनदा सुचवून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

त्याच सुमारास सासरे गॅरेजमध्ये जायचे बंद झाले. एकदा पाठ धरली, एकदा पोट बिघडलं. मग मी जिन्यात पाय मुरगळून घेतला आणि घरी बसले, तेव्हा गॅरेजचा मालक स्वतः आला.

"डॉक्टर, एक व्हॅन आलीय. इंजिन खोलावं की नाही, कळत नाही. जरा ऐकून जा."

सासरे आत गेले आणि फडक्यात गुंडाळलेला स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले. कानाला लागून लागून मुठीचं पॉलिश गेलेलं. तो त्यांनी मालकाच्या हातात दिला.

"हा राहू दे तुझ्याकडे. मी आता येत नाही."

मालक दारात घुटमळला, माझ्याकडे बघून गेला. मला फार वाईट वाटलं. या माणसाचा हेकटपणा मी वर्षानुवर्षं सोसला होता, पण त्याला असा हात टेकताना पाहायची माझी तयारी नव्हती.

"बाबा, काय झालं?"

सासूबाई स्वयंपाकघरात आहेत याची खात्री करून ते हळू बोलले. "वर्कशॉपमधला एक सोबती आहे माझा, कानात मशीन घालतो. तो म्हणाला होता, आधी आवाज जात नाही, शब्द जातात. माझं तसंच झालंय. सिनेमात पाऊस ऐकू येतो, गाडी ऐकू येते, माणसं नुसती पुटपुटतात."

"पण माझं ऐकताय की!"

"तू काय बोलणार, ते मला आधीच ठाऊक असतं."

अशाही वेळी टोमणा चुकला नाही. मग म्हणाले, "उद्या मी चुकीचं ऐकायचं आणि त्यांनी धडधाकट इंजिन खोलून ठेवायचं. नको. आणि आईला सांगू नकोस, उगाच काळजी करत बसेल."

जेवणानंतर सिनेमा लागला. पाय स्टुलावर टाकून मीही बसले. पडद्यावर एक जाडा माणूस पोलिसाला काहीतरी समजावत होता. पंखा गरगरत होता, बाहेर कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी कप ठेवला तोही ऐकू आला. माणसाचं तोंड हलत होतं आणि शब्द विहिरीच्या तळातून यावेत तसे येत होते. सासूबाई हसल्या. लगेच सासरे हसले. मी दोघांकडे पाहिलं.

"अहो, हा बोलतोय काय? मला एक अक्षर कळत नाहीये."

सासरे माझ्याकडे वळले. "तुलासुद्धा?"

"तुलासुद्धा म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तुम्हालाही?"

पडद्यावरचं कुत्रं तेवढं भुंकत होतं.

सासरे उठले, टॉर्च काढला आणि कपाटामागे शिरले. आधी नुसता श्वास ऐकू येत होता, मग स्वतःलाच हासडलेली एक शिवी ऐकू आली.

"बोलणारी माणसं मधल्या भोकात," ते आतूनच म्हणाले. "प्लेअरला वाटतंय, आपल्याकडे मधला स्पीकर आहे. सगळं बोलणं तो तिकडे पाठवतोय, आणि तिकडे वायरच नाही. गाण्याला दोनच वाटा, म्हणून गाणं नीट वाजलं." आणि निवडलेल्या मालातून उपटलेल्या वायरी त्यांनी निमूटपणे कोपऱ्यातल्या खिचडीत खोचल्या.

जाडा माणूस एकदम आमच्या दिवाणखान्यात ओरडला, "साहेब, मी तेव्हा अंघोळ करत होतो!"

"मेला, केवढ्यांदा बोलतो," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी आवाज कमी केला. आणखी कमी केला. तरी शब्द न् शब्द येत होता. कपाटाला टेकून ते तसेच उभे राहिले, आणि त्यांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"काल तो हॉटेलातला प्रसंग," सासूबाई म्हणाल्या, "त्यावर एवढे हसलात, ते कशाला?"

"तू हसलीस म्हणून."

"मी तुम्ही हसलात म्हणून!"

ते चपला शोधायला लागले. "स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो. तो अडाणी गॅरेजवाला त्याने रंगाचे डबे उघडत बसेल." दारातून परत वळून म्हणाले, "सिनेमा थांबव. मी आल्याशिवाय पुढे नेऊ नकोस."

सासूबाईंनी बटण दाबलं. जाडा माणूस तोंड उघडं टाकून थांबला.

"आई, तुम्हाला इतके दिवस ऐकू येत नव्हतं, तर बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, माझेच कान गेले." त्यांनी सोफ्यावरची सासऱ्यांच्या जागेची उशी नीट केली. "सांगितलं असतं, तर म्हणाले असते, तुला कळत नाही तर कशाला बसतेस, जा, जरा पड. आणि मग एकटेच बघत बसले असते."

रिमोट हातात धरून त्या दाराकडे बघत बसल्या.