वशिल्याचे दिवस बरे होते

माझ्या काकाची शिपायाची नोकरी हुकली तेव्हा मी शाळेत होते. घरी येणारा जो तो म्हणायचा, "वशिला नव्हता ना त्याच्याकडं." काका नोकरी देणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घालायचा आणि पोटभर जेवायचा. त्याच्यातच काही खोट आहे, असं कुणाच्या मनातही आलं नाही. वशिला म्हणजे लबाडी, आणि ती दुसऱ्याची, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आता तो शब्द कुणी काढत नाही. आता सगळं मेरिटवर होतं.

वसमतजवळच्या एका खाजगी शाळेत मी तासिकेवर मराठी शिकवते. म्हणजे तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की घरी, आणि जूनमध्ये पुन्हा हात जोडून दारात उभं राहायचं. म्हणून कायमची जागा निघाली तेव्हा मी जीव तोडून तयारी केली. मुलाखतीत वर्गावर पाठ घ्यायला लावला. पाठ असा रंगला की घंटा झाली तरी पोरं जागची हलेनात. परीक्षकांपैकी एक जण बाहेर येऊन "छान घेतलात, मॅडम" म्हणाले. एवढ्यावर माझ्या भावाने आमच्या गावात, कुरुंद्यात, चौकात बॅनर लावलं. आमच्याकडे ऑर्डरच्या आधी बॅनर येतं. 'गुणवत्तेच्या जोरावर निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', कोपऱ्यात मी आणि बाकी सगळीकडे गॉगल घातलेले त्याचे मित्र.

"अरे, अजून काईच कळलं न्हाई, काहून लावलंस?" मी ओरडले.

"तुझ्याहून हुशार कोण हाय तिथं?" तो म्हणाला.

निवड संस्थाचालकांच्या सुनेची झाली. तिचा पाठ मी पाहिला होता. फळ्याकडे तोंड करून ती पुस्तक वाचत होती. सत्कारात तिला शाल-श्रीफळ देताना सासरे म्हणाले, "आमच्या संस्थेत नातं नाही, फक्त मेरिट चालतं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण पुढचे तास त्यांच्याच हातात होते. तिचा मला राग नाही. राग त्या 'मेरिट' शब्दाचा येतो, अजून येतो. वशिला निदान मागच्या दाराने यायचा. हे स्टेजवर हार घालून बसतं आणि आपल्याच हातांनी टाळ्या वाजवून घेतं.

भावाने बॅनर उतरवलं. गावात संस्थेला कुणी एक शिवी दिली नाही. उलट किराणा दुकानदाराने मला समजावलं, "आजून मेहनत घ्या, ताई. मेरिटचा जमाना हाय."

माझे वडील गावात शिलाईचं काम करतात. निदान ते तरी चिडतील म्हणून मी त्यांच्या दुकानात जाऊन बसले. त्यांनी मशीन थांबवलं. नजर सुईवरच ठेवली. मग हळूच विचारलं, "बाई, खरं सांग, कुठं कमी पडलीस गं तू?"