आत्याबाईंचं मत आणि कापडाचं कंट्रोल

दुसरं महायुद्ध संपून थोडेच महिने झाले होते, तोच अचानक निवडणुका लागल्या. मेढ्याजवळच्या आमच्या गावात तलाठी मतदारांची यादी घेऊन आला, तर तीत माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं, नाव. सासरे पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकात बसऱ्याकडे गेले ते परतलेच नाहीत. त्यांची पेन्शन आत्याबाईंना मिळे, म्हणून मताचा हक्क. मी सातवी पास, शिक्षणावर मलाही हक्क मिळाला असता, पण माझी एकवीस वर्षं भरत नव्हती. माझं माहेर सांगली संस्थानातलं, तिथं तर ही निवडणूकच नव्हती.

"मत दिऊन हुतं काय?" आत्याबाईंनी विचारलं.

"निवडून आलेले लोक कायदे करतात," तलाठी म्हणाला.

"कापडाचं बी?"

"कापडाचेही."

तेव्हापासून त्यांना चैन पडेना. कापडावर सरकारचं कंट्रोल होतं; ते रेशनच्या कार्डावर मिळायचं आणि नऊवारी लुगडं क्वचितच यायचं. आम्हा दोघींत बाहेर नेसण्याजोगं एकच होतं. एक बाजाराला गेली की दुसरी घरात.

मेढ्याला सभा झाली, तेव्हा आत्याबाई मला घेऊन निघाल्या. मी शेजारणीचं लुगडं मागून नेसले होते. उमेदवार वकील होते, तुरुंगवास भोगून आलेले. आपलं सरकार आलं की कंट्रोल उठेल, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मागं बसलेल्या आत्याबाई उठून उभ्या राहिल्या.

"आवं सायेब, कंट्रोल उठल्यावर कापड वाढंल कसं? गिरन्या तर त्याच."

लोक हसले. वकील हसले नाहीत. "ते मलाही नीट ठाऊक नाही, आजी," ते म्हणाले.

परतताना आत्याबाई म्हणाल्या, "ठाऊक न्हाई म्हनला. बरा हाय मानूस." मत त्यांनी वकिलांनाच दिलं. वकील निवडून आले.

स्वराज्य आलं आणि काही महिन्यांनी कापडावरचं कंट्रोल खरंच उठलं. आम्ही साताऱ्याला गेलो. दुकानात लुगड्यांच्या थप्प्या लागलेल्या. आत्याबाईंनी एकीवर हात फिरवला.

"कालपातुर कुठं हुतं ह्ये?"

दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. भाव ऐकून आम्ही चोळीचा एक खण घेतला आणि परतलो. पुढं काही महिन्यांत कंट्रोल पुन्हा आलं.

त्या सुमारास वकील मेढ्याला आले होते. आत्याबाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. वकिलांनी त्यांना ओळखलं.

"सरकारला वाटलं, बंधन काढलं की दडवलेला माल बाहेर येईल आणि भाव उतरेल," ते म्हणाले. "माल आला. भाव चढला."

"का?"

"ज्याच्याकडे माल होता, त्याला विकायची घाई नव्हती. नेसायची घाई तुम्हाला होती."

"आन् ह्ये आधी कुनालाच कळलं न्हाई?"

"काहींना कळलं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही."

आत्याबाईंनी मान डोलावली. त्या रागावल्या नव्हत्या; नवं काही कळल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

पुढं कार्डावर दोन जाडीभरडी लुगडी मिळाली. त्यांनी मला आधी निवडू दिलं. मी हिरवं घेतलं. मग दर आठवड्याला शाळेतलं जुनं वर्तमानपत्र मागून आणायचं आणि कापडाची बातमी वाचून दाखवायची, हे माझं काम झालं. अवघड शब्द आला की त्या मला थांबवत. 'चलनवाढ' म्हणजे काय, ते मलाही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन मी मास्तरांना विचारायला शाळेत गेले.