बहिणीची ठेव

आमच्या सासूबाईंनी पळताना छावणीत काय आणलं? भांडं नाही, पांघरूण नाही. राखेत घोळलेल्या ज्वारीचं एक गठुडं. तेही स्वतःचं नाही, धाकट्या बहिणीचं!

आमच्या डोंगरातली रीतच तशी. बियाणं आपल्या घरात ठेवायचं नाही. नड आली की माणूस स्वतःचं खाऊन टाकतो, दुसऱ्याच्या ठेवीला हात लावत नाही. म्हणून सासूबाईंची तांबडी ज्वारी पलीकडच्या डोंगरावर ह्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या मावशींकडे, आणि मावशींची काळी आमच्याकडे. पेरणीच्या तोंडावर अदलाबदल. मग मधल्या खिंडीवरून दोन सरकारं भांडायला लागली, वाट बंद झाली आणि हाताला लागलं ते घेऊन आम्ही पळालो.

छावणीत प्रत्येकाला एकेक वाफा मिळाला आणि पाकिटातलं मक्याचं बी फुकट. जिकडे बघावं तिकडे तोच मका. तांबडी कुणाकडेच उरली नव्हती. सासूबाईंची सगळी भिस्त बहिणीवर.

मी दर पेरणीला म्हणायचे, "अहो, एक ओळ तरी पेरा ना ती काळी."

"तिनं मागितली तर काय देऊ?"

"नवी द्या की!"

"ठेव आहे ती. ठेव कुणी पेरतं का?"

माझं डोकं फिरायचं. पोरं अर्धपोटी झोपायची आणि ह्या गठुडं उशाला घ्यायच्या. सांगून सांगून तोंड दुखलं, शेवटी मी नाद सोडला.

यंदा, इतक्या वर्षांनी, खिंड उघडली. मावशी आल्या, पार वाळलेल्या, काखेत गठुडं. सासूबाईंनी बहिणीच्या आधी गठुडंच छातीशी धरलं.

"दाणा न् दाणा आहे, ताई," मावशी म्हणाल्या. "खाल्ला नाही की पेरला नाही."

सासूबाईंनी गठुडं छातीवरून खाली ठेवलं.

दोन्हींतले मूठमूठ दाणे मी ओल्या गोणपाटात गुंडाळले. रोज उघडून बघायचो. कोंब काही फुटेना. मग कुबट वास यायला लागला. दोन्ही बियाणं जुनं होऊन मेलं होतं.

"पेरायचं होतंस गं!" सासूबाई बहिणीवर ओरडल्या. "इतकी वर्षं! एक ओळ तरी!"

"तुझं होतं ना ते. कसं पेरू?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मला दोघींचंही फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही गठुडी सोडली, राख पाखडली आणि दळायला बसले. कुणी अडवलं नाही.