पाच पट्ट्यांची गाडी

मंडळी, आज सकाळी नवी छोटी गाडी पहिल्यांदा बाहेर काढली. कुंभकोणमहून गोविंदपुरम्, तिथल्या देवळात विठ्ठलाच्या भजनाला.

गाडी झकास आहे, स्टेअरिंग एका बोटानं वळतं. पण विकलेल्या अँबॅसिडरमध्ये आमच्या भजनी मंडळाचे म्होरके अप्पा यांच्यासकट सातही भजनी मावायचे. हिच्यात सीटबेल्टचे पट्टे पाचच, त्यातला एक माझा.

"दोन फेऱ्या मारतो," मी म्हटलं.

अप्पा चिडले. "अरे, आपलं भजन गाडीतच सुरू होतं. अर्ध्यांनी कसं म्हणायचं?" आणि सगळ्यांना घेऊन टाऊन बसमध्ये चढले.

मी एसी लावून बसच्या मागे. शेजारच्या सीटवर त्यांची पेटी, तिलाही पट्टा बांधलेला, नाहीतर गाडी सारखी ओरडते.

सिग्नलला काच खाली केली, तर बसमधून टाळ ऐकू आले.

तुमची जुनी गाडी गेली, तेव्हा तिच्यातून कोण कोण उतरलं?