डंक्यावरचं शूटिंग

नवऱ्याचा मार खाल्लेल्या बाईवर फिल्म काढायची तर ती रडलीच पाहिजे, असं तेव्हा मलाही वाटायचं. मी कॉलेजात होते. पत्रकं लिहायची आणि राजारामपुरीत रिक्षा अडवून वाटायची, हा माझा धंदा. ‘पुरुषप्रधान व्यवस्थेने भरडलेल्या भगिनींनो!’ उद्गारचिन्हाशिवाय माझं वाक्य संपतच नसे.

मुंबईहून एक दिग्दर्शक कॅमेरा घेऊन आले, त्यांना मी अक्कांकडे नेलं. अक्कांचा डावा हात नवऱ्यानं पेटत्या लाकडानं कोपरापर्यंत भाजला होता. तक्रार द्यायला गेलो तर हवालदार त्यांनाच विचारतो, “तुम्ही काय केलं होतं?” आजही आठवलं की डोकं फिरतं. पण तीन वर्षांत अक्का उभ्या राहिल्या होत्या. शिवाजी पेठेत मिरच्या कुटायच्या डंक्यावर काम, शेजारीच भाड्याची खोली. दुखणं एकच उरलं होतं. आठ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या गावी होती आणि घरचे तिला सांगत, तुझी आई वेडी झाली, भीक मागत फिरते.

अक्कांनी फिल्ममध्ये काय बोलायचं ते मी लिहूनच नेलं होतं. त्यांनी वाचलं.

“भरडली, होरपळली, पिचली. आन बरी झाली, त्ये कुठं लिवलंस गं?”

“ते शेवटी येईल, अक्का.”

“तवर फिल्म संपंल की! माझ्या पोरीनं बघायची हाय ही. रडकी आई न्हाय दाखवायची.”

माझा कागद मिरच्यांच्या पोत्यावर पडला तो पडलाच.

दिग्दर्शक म्हणाले, “बाई, जरा डंका बंद करा. आवाज नीट येणार नाही.”

“पावणं, बायका डबं घिऊन रांगंत हायत. वर्साची चटणी हाय त्यांची. डंका बंद व्हणार न्हाय.”

मग मिरचीचा खकाणा उठला. दिग्दर्शक शिंकायला लागले, त्यांच्या डोळ्यांतून धारा, माझ्याही. अक्कांचे डोळे मात्र ठणठणीत कोरडे.

“रडाय पायजे हुतं न्हवं तुमास्नी? घ्या रडून!”

रांगेतल्या बायका फिदीफिदी हसल्या, अक्काही हसल्या. भाजलेल्या हातानंच त्या मिरची सारत होत्या. नाकाला रुमाल बांधून दिग्दर्शकांनी तेवढं टिपलं.

आमच्या चळवळीतलेच काही फिल्म बघून म्हणाले, “यात अत्याचार कुठं आहे?” मी म्हटलं, “हाताकडं बघा की!”

पुढं एसटीनं प्रोजेक्टर घेऊन मी अक्कांच्या नवऱ्याच्या गावी, मुलीच्या शाळेत गेले. तिथल्या शिक्षिका बाईंना सगळं ठाऊक होतं. त्यांनी अख्खी शाळाच गोळा केली, म्हणजे एका मुलीला कोण अडवणार? खिडक्यांना घोंगडी लावून भरदुपारी अंधार केला. पडद्यावर अक्का हसल्या आणि पुढच्या ओळीतली एक मुलगी ताडकन उभी राहिली.

“आमची आई! बाई, बघा की, जाड झालीया!”

सगळी शाळा हसली. माझं भाषण पिशवीतच राहिलं.

परतल्यावर थेट डंक्यावर गेले. बाहेर तशीच रांग. मी अक्कांच्या कानाशी ओरडून सांगितलं.

“काय म्हणली?”

मी पुन्हा ओरडले.

अक्कांनी हात लांबवून डंका बंद केला.

“आता सांग. सावकाश सांग.”

रांगेतल्या एकाही बाईनं कुरकुर केली नाही.